अकरा हप्ते आणि मजुरीचा हिशेब : जळगावच्या एका सोने योजनेचे परीक्षण

जळगावच्या सराफ बाजारातील अनेक पेढ्या आज मासिक हप्त्यांची सोने योजना चालवतात आणि त्यांच्या अटी एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, मी ज्या पेढीत अकरा हप्ते भरले तिचे नाव न देताही या परीक्षणाचा उपयोग व्हावा. योजना अशी आहे की, ठरलेली रक्कम अकरा महिने भरायची, बाराव्या महिन्यात पेढी आपल्याकडून एका हप्त्याएवढी सवलत देते आणि जमलेल्या रकमेचा दागिना घ्यायचा. माझा हप्ता दरमहा ५,००० रुपयांचा होता. पेढीचा व्यवहार स्वच्छ आहे आणि दागिन्याची शुद्धताही ठरल्याप्रमाणे आहे. तरीही योजनेचा खरा लाभ कागदावर दिसतो त्याच्या जवळजवळ निम्मा आहे, आणि तो कशामुळे निम्मा होतो हे समजण्यासाठी शाळेतल्या शेकडेवारीपलीकडचे गणित लागत नाही.

पेढीतील कर्मचारी योजना समजावून देताना ५५,००० वर ५,००० म्हणजे नऊ टक्के फायदा, असे सांगतात. गंमत म्हणजे हा आकडा त्यांच्याच योजनेला कमी लेखतो. पहिला हप्ता पेढीकडे अकरा महिने राहतो, दुसरा दहा महिने, आणि शेवटचा जेमतेम एक महिना. अकरापासून एकपर्यंतच्या आकड्यांची बेरीज ६६ येते. म्हणजे ५,००० रुपये ६६ महिने, किंवा ३,३०,००० रुपये एक महिना ठेवल्यासारखे झाले. त्यावर ५,००० रुपये मिळाले, तर महिन्याला दीड टक्का आणि वर्षाला सरळव्याजाने १८.१८ टक्के पडतात. कोणतीही बँक आवर्ती ठेवीवर इतके व्याज देत नाही. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा २०२४ मधील ६.७ टक्के हा दर धरला, तर याच हप्त्यांवर याच काळात साधारण १,८४० रुपये व्याज झाले असते. म्हणजे योजना प्रथमदर्शनी फारच किफायतशीर ठरते. अडचण पुढच्या ओळीत आहे.

ही सवलत सोन्याच्या किमतीतून नव्हे, तर फक्त मजुरीतून वजा होते. नियमावलीत ही अट लिहिलेली आहे, लपवलेली नाही. पण तिचा अर्थ दागिना निवडताना कळतो. हिशेबाच्या सोयीसाठी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरू. सहा ग्रॅमचा नक्षीचा दागिना घेतला, तर सोने ५४,००० चे आणि बारा टक्के मजुरी ६,४८० रुपये, असे एकूण ६०,४८० होतात. त्यातून ५,००० वजा जाऊन ५५,४८० राहतात, त्यावर ३ टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे ४५ रुपये अधिक १८ टक्के कर असे ५३ रुपये १० पैसे धरून बिल ५७,१९७ रुपये ५० पैशांचे होते. भरलेले ५५,००० वळते करून वरून साधारण बावीसशे रुपये द्यावे लागतात. येथे सवलत पूर्ण पदरात पडते. परंतु त्याच वजनाचे साधे वेढणे किंवा यंत्रावर घडलेली साखळी घेतली आणि तिची मजुरी पाच टक्के असेल, तर मजुरीच मुळी २,७०० रुपयांची होते आणि सवलतही तिथेच थांबते. उरलेले २,३०० रुपये पेढीकडेच राहतात. तोच ६६ महिन्यांचा हिशेब लावला की, १८ टक्क्यांचे ९.८ टक्के होतात. थोडक्यात, योजना ग्राहकाला जास्त मजुरीच्या दागिन्याकडे वळवते, आणि जास्त मजुरीचा दागिना मोडीत घालताना ती मजुरी कोणीही परत देत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जळगावच्या बाजारात मजुरीवर घासाघीस होते, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो मजुरीत. योजनेच्या ग्राहकाने मजुरी कमी करण्याची गोष्ट काढली की, त्याला नम्रपणे सांगितले जाते की सवलत आधीच दिलेली आहे. मी त्याच घडणीच्या दागिन्याची चौकशी शेजारच्या दोन पेढ्यांत केली, तेव्हा रोख ग्राहकाला थोड्या बोलण्यानंतर आठ टक्क्यांत तो मिळत होता. आठ टक्के मजुरीने सहा ग्रॅमचा दागिना ५८,३२० रुपयांना पडतो आणि योजनेत ५५,४८० ला; जीएसटी दोन्हीकडे त्याच दराने लागत असल्यामुळे तुलनेत तो बाजूला ठेवला आहे. मग खरा लाभ ५,००० चा नसून २,८४० चा आहे, आणि वर्षाचा दर १०.३ टक्के येतो. आवर्ती ठेवीचे १,८४० रुपये त्यातून वजा केले, तर वर्षभर एका पेढीशी बांधून घेतल्याचा मोबदला एक हजार रुपये उरतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला), पाडव्याला आणि धनत्रयोदशीला पेढ्या सर्वांसाठीच मजुरीत सूट जाहीर करतात. ती सूट आणि योजनेची सवलत एकत्र मिळत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. योजनेची मुदत आखाजीला संपेल अशी सोय करणे आपल्याकडे स्वाभाविक वाटते, कारण लेकी माहेरी येतात आणि खरेदी तेव्हाच होते; गणिताच्या दृष्टीने मात्र योजनेतील दागिना घेण्यास तो सर्वांत गैरसोयीचा दिवस आहे.

याच पेढीत योजनेचा दुसरा प्रकार आहे. त्यात प्रत्येक हप्त्याचे त्या दिवसाच्या भावाने सोने होऊन ग्रॅममध्ये जमा होते आणि शेवटी मिळणारी सवलत निम्मी, म्हणजे २,५०० रुपयांची असते. बहुतेक ग्राहक मोठी सवलत पाहून पहिला प्रकार घेतात. निवड कशी करावी, हे एका भागाकारात कळते. दोन्ही प्रकारांतील सवलतीचा फरक २,५०० रुपये, म्हणजे ५५,००० च्या साडेचार टक्के आहे. शेवटच्या दिवसाचा भाव आपल्या सरासरी खरेदीभावापेक्षा साडेचार टक्क्यांहून अधिक वर असेल, तर वजनाचा प्रकार सरस ठरतो. भाव स्थिर राहिला किंवा उतरला, तर रकमेचा. शिवाय वजनाच्या प्रकारात सरासरी नेहमी ग्राहकाच्या बाजूने झुकते, कारण ठरलेल्या रकमेत स्वस्त भावाला अधिक सोने येते. भाव ८,०००, ९,००० आणि १०,००० असताना तीन हप्ते भरले, तर १.६८ ग्रॅम सोने जमते आणि ते ग्रॅमला ९,००० ला नव्हे, तर सुमारे ८,९२६ रुपयांना पडते. एप्रिल २०२५ मध्ये चोख सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, त्या वर्षभरात ज्यांनी रकमेचा प्रकार घेतला होता, त्यांच्या रुपयांचे सोने एकंदरीत आटत गेले. भाव कायम चढाच राहील असे गृहीत धरण्याचे कारण नाही, हे मान्य. पण ज्याला शेवटी सोनेच घ्यायचे आहे, त्याने ग्रॅममध्ये साठवणे मला अधिक सुसंगत वाटते.

अकराच हप्ते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर २०१४ च्या ठेवविषयक नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती करावी लागते. तसे न झाल्यास ती ठेव मानली जाते. म्हणून मुदत वर्षाच्या आत बसवलेली असते. याचाच दुसरा अर्थ असा की, आपले पैसे ठेव नाहीत, आगाऊ रक्कम आहेत. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, येथे ते नाही. पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचा अनुभव घेतलेल्या जिल्ह्यात हे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी. हप्ता पेलण्यापेक्षा मोठा ठेवू नये आणि पावती दर महिन्याला घ्यावी, इतके पुरेसे आहे.

हप्त्याची रक्कम ठरवताना पगारदार आणि शेतकरी यांचे गणित वेगळे पडते, आणि योजना सरळसरळ पगारदारासाठी आखलेली आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने ५,००० चा एक हप्ता म्हणजे साडेसहासष्ट किलो कापूस आणि अकरा हप्ते म्हणजे सव्वासात क्विंटलांहून थोडे अधिक. कोरडवाहू जमिनीत एका एकराला एवढा कापूस सगळ्याच वर्षी निघत नाही. शिवाय कापसाचा पैसा दिवाळीनंतर एकदम हाती येतो, तर जून-जुलैचे हप्ते बी-बियाणे आणि खतांच्या खर्चावर येऊन आदळतात. एक हप्ता चुकला की पूर्ण सवलत जाते आणि मधेच योजना सोडल्यास रोख रक्कम न मिळता तेवढ्याच किमतीचा दागिना, तोही पूर्ण मजुरीने, घ्यावा लागतो. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे, त्यांनी पैसा आला त्या महिन्यात वेढणे किंवा नाणे रोखीने घ्यावे, हे अधिक हिताचे आहे. रावेर-यावल पट्ट्यातील ज्या केळी बागायतदारांची कापणी टप्प्याटप्प्याने चालते, त्यांना कदाचित हप्ते जमतील.

सेवेबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. हप्त्याची आठवण मोबाइलवर वेळेवर येते. तराजू काचेच्या पेटीत असून तीन दशांश स्थानांपर्यंत वजन दाखवतो. दहा मिलिग्रॅमचा फरक म्हणजे वर धरलेल्या भावाने नव्वद रुपये, त्यामुळे आकडा स्थिर होईपर्यंत थांबण्यात संकोच करू नये. बिलात निव्वळ वजन, शुद्धता, मजुरी आणि हॉलमार्कचे शुल्क स्वतंत्र दाखवलेले होते. खड्यांच्या दागिन्यात एकूण वजन आणि निव्वळ वजन यांतील फरक विचारला असता त्यांनी तो लगेच दाखवला. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक आहे. तो मी पेढीतच उभ्या उभ्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासला आणि कोणी कपाळाला आठी घातली नाही. फलकावर मात्र २४ कॅरेटचा दहा ग्रॅमचा भाव मोठ्या अक्षरांत आणि २२ कॅरेटचा बारीक अक्षरांत असतो. मोठ्या आकड्याला २२ ने गुणून २४ ने भागले की आपला भाव जवळपास मिळतो. ९८,१८० चे ९०,००० होतात.

जुने सोने मोडीत देण्याची सोय योजनेच्या बिलाला जोडता येते, आणि येथे तोळ्याचा घोळ होतो. आजीच्या तोंडचा तोळा बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा होता. बाजारातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा आहे. घरात ‘पाच तोळ्यांची’ म्हणून ओळखली जाणारी जुनी पोत ५० नव्हे, तर ५८.३२ ग्रॅम भरायला हवी. फरक ८.३२ ग्रॅमचा, ९,००० च्या भावाने ७४,८८० रुपयांचा. भावंडांत वाटणी करताना तोळ्यांत बोलू नये, ग्रॅमात बोलावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात जुन्या सोन्याची शुद्धता निराळी असते. कॅरेटमीटरने ८४ टक्के दाखवले, तर ५८.३२ ग्रॅमचे ९१६ शुद्धतेचे, म्हणजे २२ कॅरेटचे, सोने साडेत्रेपन्न ग्रॅम होते. पेढीने ही आकडेमोड कागदावर करून दाखवली, त्याबद्दल तिला गुण दिले पाहिजेत. मोडीची घट किती टक्के धरणार, हे मात्र दोनदा विचारल्यावरच कळले.

शेवटी, हा दागिना बचत म्हणून घ्यावा का, याचे उत्तर बिलातच आहे. योजनेशिवाय तोच सहा ग्रॅमचा दागिना जीएसटीसह ६२,२९४ रुपयांना पडतो आणि त्यात सोने ५४,००० चे असते. भाव पंधरा टक्क्यांहून अधिक वाढेपर्यंत घातलेले पैसे निघत नाहीत. योजनेमुळे हे अंतर सहा टक्क्यांच्या आत येते. म्हणून लग्नकार्यासाठी दागिना घ्यायचाच आहे, नियमित पगार आहे आणि नक्षीचे काम आवडते, अशा घरासाठी मी या योजनेला पाचपैकी साडेतीन तारे देईन. निव्वळ गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यासाठी दोनच. नाव नोंदवण्यापूर्वी पेढीला तीन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत : सवलत नाण्यावर चालते का, योजनेच्या ग्राहकाला लागणारी मजुरी रोख ग्राहकाच्या मजुरीइतकीच असेल का, आणि सणाची सूट जाहीर झाल्यास दोहोंपैकी मोठी सवलत निवडता येईल का. मी विचारले तेव्हा पहिल्याचे उत्तर नाही, दुसऱ्याचे ‘बघू’ आणि तिसऱ्याचे, थोडे आश्चर्य वाटेल, पण हो असे मिळाले.