ई-ग्रंथालय की कोहा? तालुक्याच्या वाचनालयानं संसदेकडून काय उचलावं

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात संगणकीकरणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: केवढ्याला पडेल? मग दोन-तीन दरपत्रकं मागवली जातात आणि सगळ्यात स्वस्त त्याला काम दिलं जातं. पाच-सात वर्षांनी तो विक्रेता फोन उचलत नाही आणि वीस हजार पुस्तकांच्या नोंदी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडतात. सांगली जिल्ह्यात तासगाव, विटा, पलूसकडं कुठंही विचारा, अशी एखादी कहाणी ऐकायला मिळेल. म्हणून ई-ग्रंथालय आणि कोहा या ग्रंथालय चालवायच्या दोन सॉफ्टवेअरांचा हा आढावा घेताना मी आत शिरायच्या भावापेक्षा बाहेर पडायची वाट आधी बघितली आहे.

मोठ्या घरानं हे काम कसं केलं ते आधी पाहू. आपल्या संसदेचं ग्रंथालय 1921 पासूनचं. तिथं संगणक आला 1985 च्या अखेरीस, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या मदतीनं. त्या व्यवस्थेचं नाव पार्लिस. गंमत अशी की त्यांनी कपाटातल्या पुस्तकांनाच कवटाळून बसायचं टाळलं. खासदार येऊन काय विचारतात? अमुक विषयावर आधी कुणी प्रश्न विचारला होता का, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, विधेयक कुठवर आलं. तेव्हा प्रश्नोत्तरं, वादविवाद आणि विधेयकं यांच्या सूची संगणकावर घेतल्या गेल्या. वादविवादांचा पूर्ण मजकूर घरबसल्या वाचायची सोय फार पुढची. आज संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेचे वादविवाद, समित्यांचे अहवाल, राष्ट्रपतींची अभिभाषणं, अर्थसंकल्पाची भाषणं, एवढंच काय 1952 पूर्वीच्या सभागृहांचं कामकाजही सापडतं. ते डीस्पेस या, कागदपत्रं साठवून शोधायला देणाऱ्या मुक्त प्रणालीवर उभं आहे. अमेरिकेतही तेच झालं. काँग्रेसचं कामकाज लोकांसाठी खुलं करणारी थॉमस ही सेवा 1995 च्या जानेवारीत सुरू झाली आणि 2016 मध्ये बंद करून तिच्या जागी नवी आणली गेली. यंत्रं बदलली, प्रणाली बदलल्या, नोंदी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप गेल्या.

आता आपलं वाचनालय. आपल्या खिडकीशी येणारा सभासद काय विचारतो? पुस्तक आहे का, आणि असलं तर आत आहे की बाहेर गेलंय. दुपारी अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची पोरं विचारतात, नवी आवृत्ती आली का. म्हणजे आपल्याकडं सुरुवात देव-घेवीपासून. जुने दुर्मीळ अंक स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायची हौस पुष्कळ मंडळांना असते, कारण उद्घाटनाला ते शोभून दिसतं. ते नंतर करा.

खरी निवड ई-ग्रंथालय आणि कोहा या दोघांतच आहे.

ई-ग्रंथालय हे एनआयसीचंच अपत्य. त्याची चौथी आवृत्ती क्लाउडवर चालते. म्हणजे सर्व्हर तुमच्या इमारतीत नसतो, एनआयसीच्या डेटा सेंटरमध्ये असतो. तुम्हाला एक बरा संगणक, बारकोड वाचणारं यंत्र आणि इंटरनेट एवढंच लागतं. अनेक ग्रंथालयांचा एक गट करून सगळ्यांची मिळून एकच सूची ठेवता येते. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी मनावर घेतलं तर विट्याच्या सभासदाला पुस्तक तासगावात आहे हे घरी बसून कळेल. शासकीय ग्रंथालयांना ते मोफत मिळतं. आपली बहुतेक वाचनालयं मात्र शासनाची नव्हेत. ती 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या संस्था आहेत. तेव्हा आपण त्यात बसतो का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयामार्फत लेखी विचारून घ्या. तोंडी ‘हो, हो, बसता की’ यावर ठराव करू नका.

कोहा न्यूझीलंडमधलं. होरोव्हेनुआ नावाच्या एका छोट्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 1999 मध्ये ते लिहिलं गेलं आणि 2000 च्या जानेवारीत सुरू झालं. परवाना मुक्त आहे, कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. पण ते विंडोजवर नव्हे, लिनक्स या वेगळ्या कार्यप्रणालीवर चालतं, ते बसवायला जाणता माणूस लागतो आणि बसवल्यावरही लागतो. इथं आमच्याकडं एक खास धोका आहे. सांगलीला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, आसपास आणखी कॉलेजं. शेवटच्या वर्षाचा एखादा हुशार मुलगा प्रकल्प म्हणून फुकटात कोहा बसवून देतो. फोटो निघतो, सत्कार होतो. निकाल लागला की तो पुण्याला नोकरीला जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. कोहा घ्यायचंच असेल तर देखभालीचा वार्षिक करार आधी करा.

खर्चाचं बोलायचं तर ई-ग्रंथालय मिळालं तर जवळजवळ काहीच नाही. कोहाला सर्व्हर किंवा भाड्याची क्लाउड जागा, अधिक माणूस. बारकोडची लेबलं, छपाई आणि नोंदी करणाऱ्याचा पगार दोन्हीकडं सारखाच. आणि तोच सगळ्यात मोठा आकडा असतो. तीस हजार पुस्तकं धरा, एका माणसानं दिवसाला शंभर नोंदी केल्या तरी कामाचे तीनशे दिवस झाले. म्हणून दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका. खिडकीवर परत येणाऱ्या पुस्तकाला त्याच वेळी बारकोड लावा आणि नोंद करा. वाचली जाणारी पुस्तकं काही महिन्यांत संगणकावर येतात. धूळ खात पडलेली राहतात मागं. त्यांच्याकडं वार्षिक गणतीच्या वेळी बघता येतं, तेव्हाच निर्गत काय करायचं, म्हणजे कुठली पुस्तकं दप्तरातून काढायची, तेही ठरतं.

आता पाणी. कृष्णाकाठच्या वाचनालयांना हा मुद्दा समजावून सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातली, काठावरच्या गावांतली पुस्तकं त्यात भिजली, नोंदवह्याही भिजल्या. नोंदवहीच गेली तर काय गेलं हेसुद्धा सांगता येत नाही, भरपाई मागायची तर कशाच्या जोरावर? ई-ग्रंथालयात ही चिंता नाही. कोहा रोज रात्री आपणहून डेटाची प्रत काढून ठेवतं, पण कुठं? नेहमीच्या मांडणीत त्याच यंत्रावर. यंत्र तळमजल्यावर, आणि प्रत यंत्राच्या पोटात. ती प्रत रोज दुसऱ्या शहरातल्या जागी आपोआप जाईल अशी सोय करायला दहा मिनिटं लागतात, पण ती करायला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर कुणी करत नाही.

जत-आटपाडीकडं चित्र उलटं. तिथं पुराची भीती नाही, नेट आणि वीज जाण्याची आहे. नेट गेलं की क्लाउडवरची देव-घेव थांबते आणि संध्याकाळच्या गर्दीत ग्रंथपाल पुन्हा वहीवर येतो. कोहा स्थानिक सर्व्हरवर असेल तर बाहेरचं नेट नसलं तरी वाचनालयापुरतं काम चालू राहतं. साधा यूपीएस असला म्हणजे झालं. तेव्हा पलूसच्या वाचनालयानं जे निवडलं ते जतनं डोळे झाकून उचलू नये.

मराठीची परीक्षा मात्र दोघांनाही द्यावी लागते, आणि तिथंच दरपत्रक आणणारे सगळ्यात कमी बोलतात.

इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की कोहा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून तयार नोंद ओढून आणतं. प्रात्यक्षिकात हे हमखास दाखवतात आणि मंडळ खूश होतं. तुमच्या कपाटात इंग्रजी पुस्तकं किती? त्या ग्रंथालयाचं दिल्लीत 1962 पासून कार्यालय आहे, मराठी पुस्तकं ते घेतात, पण त्यांच्या नोंदी बहुधा रोमन लिपीत असतात. शिवाय जुन्या मराठी कादंबऱ्यांना आयएसबीएनच नाही. म्हणजे मराठी नोंदी हातानंच करायच्या, हे गृहीत धरून चला.

टंकलेखनातली एक बारीक गोष्ट. ‘साताऱ्याचा’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. सकाळच्या ग्रंथपालानं एका कळफलकावर नोंद केली, संध्याकाळच्यानं दुसऱ्यावर, की साताऱ्याच्या इतिहासावरची निम्मी पुस्तकं शोधात सापडत नाहीत. ‘ॲ’चं तेच. कोहामध्ये शोधाचं काम करणारा झेब्रा नावाचा भाग आहे. त्याची मूळ मांडणी युरोपीय लिप्या डोळ्यांपुढं ठेवून केलेली आहे. देवनागरीसाठी त्यात आयसीयू या, निरनिराळ्या लिप्या हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची जोडणी करून घ्यावी लागते आणि अशा दोन तऱ्हांना एकच मानायचा नियम घालता येतो. ई-ग्रंथालय युनिकोडवर, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतावर आहे, मराठी नोंदी घेतं, पण त्याच्या आतल्या शोधनियमांना तुम्ही हात लावू शकत नाही. तिथं उपाय एकच, सगळ्यांनी एकाच कळफलकावर टंकायचं. या एका बाबतीत माझं माप कोहाच्या बाजूनं झुकतं.

दुसरी अडचण नावांची. आपल्या जिल्ह्यात ‘पाटील’ असं शोधलं तर अर्धं कपाट समोर येणार. त्यात संसदेच्या ग्रंथालयानं जे सांभाळलं ते आपण सांभाळत नाही: एका माणसाचं एकच ठरलेलं नाव, आणि बाकीच्या नावांवरून त्याकडं वाट. 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेलेले नाना रामचंद्र पाटील आपल्या कपाटात ‘क्रांतिसिंह नाना पाटील’ असतात. 1980 मध्ये सांगलीतून निवडून आलेले वसंतराव बंडूजी पाटील म्हणजे आपले वसंतदादा. यशवंतराव चव्हाण वादविवादांत ‘वाय. बी. चव्हाण’ म्हणून भेटतात. वाचक कुठल्याही नावानं येऊ दे, पुस्तक एकाच ठिकाणी सापडलं पाहिजे. कोहात यासाठी अधिकृत नावांची वेगळी फाइल आहे आणि पर्यायी नावं तिच्यातच घालता येतात. पहिल्या महिन्यात दोनेकशे नेहमीच्या लेखकांची नावं नीट ठरवून घेतलीत तर पुढची कटकट वाचते.

दिवाळी अंकांचा विचारही आधीच करा. त्यांची वर्गणी वेगळी, मुदत कमी, आणि दोन महिने खिडकीवर नुसती झुंबड. कोहात त्यांचा वेगळा प्रकार करून वेगळी मुदत देता येते. ई-ग्रंथालयात हे कसं बसतं ते प्रात्यक्षिकातच दाखवायला सांगा.

सोल हे तिसरं नाव कॉलेजच्या ग्रंथपालांकडून ऐकू येईल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं, विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी बनवलेलं, विकत घ्यायचं. वाईट नाही, पण आपल्या मापाचं नाही. स्थानिक विक्रेत्याच्या पॅकेजबद्दल एवढंच: जुन्या पॅकेजमध्ये मराठी बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये भरलेली असते, आणि ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. कुणाकडं तसा जुना डेटा असेल तर तो टाकून देऊ नका, बदलून घेता येतो. तपासणीला मात्र माणूस बसवावा लागेल.

माझं मत विचाराल तर असं. नदीकाठचं वाचनालय, एकच ग्रंथपाल, संगणकाचं जाणणारं मंडळात कुणी नाही: पात्र असाल तर ई-ग्रंथालय. पात्र नसाल, तर कोहा, पण बाहेर भाड्याच्या जागी ठेवलेलं आणि करारासह. जत-आटपाडीकडं कोहा स्थानिक सर्व्हरवर, रोजची प्रत बाहेर. शेजारच्या चार-पाच वाचनालयांनी मिळून एकच कोहा चालवला तर एकाच जाणकाराचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. आपल्याकडं दूध संघ आणि साखर कारखाने सहकारावर चालले, ग्रंथालयाचा सर्व्हर चालायला काय हरकत आहे ते मला कळत नाही. जुनी वर्तमानपत्रं, संस्थानकाळातले कागद असतील तर दोन-तीन वर्षांनी डीस्पेस लावा. ते काम वेगळं आहे, त्याला देव-घेवीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबू नका.

ठराव करण्याआधी पंचवीस पुस्तकांची चाचणी घ्या. त्यांत आयएसबीएन नसलेली एक जुनी कादंबरी असू दे, एक बहुखंडी कोश, दोन वेगवेगळे पाटील, एक दिवाळी अंक, आणि नावात ‘साताऱ्याचा’ असलेलं एखादं पुस्तक. ही पंचवीसच्या पंचवीस पुस्तकं प्रत्येकाकडं भरा, दोन वेगळ्या संगणकांवरून शोधून बघा. मग त्या माणसाला म्हणा, आता हा सगळा डेटा मार्क, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींसाठी सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात आणि एक्सेलमध्ये बाहेर काढून द्या, इथं, आमच्यासमोर. ती फाइल ग्रंथपालाच्या संगणकावर उघडा. जो ‘ते नंतर पाठवतो’ म्हणेल, किंवा ज्याच्या फाइलीत मराठीच्या जागी चौकोन दिसतील, त्याचं दरपत्रक तिथंच परत करा.