बिल्डर की स्वयंपुनर्विकास? मंदीत अडकलेल्या इमारती बघून ठरवताना

मुंबईच्या जुन्या भागात ज्यांच्या सोसायटीपुढे सध्या पुनर्विकासाचा विषय आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फंजिबल (प्रीमियम भरून मिळणारं जादा चटईक्षेत्र), टीडीआर (विकत घेता येणारे बांधकामाचे हक्क), कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) हे शब्द एव्हाना तुम्हाला पाठ झाले असतील, म्हणून ते फार समजावत बसत नाही. दोन्ही वाटा मी जवळून पाहिल्या. आईवडिलांचं गिरगावातलं पागडीचं घर बिल्डरकडे गेलं आणि बरीच वर्षं अडकलं. पुढे दादरमधल्या आमच्या सोसायटीसमोर तोच प्रश्न आला, तेव्हा मी कमिटीत होतो आणि आम्ही स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच आपली इमारत पुन्हा बांधणं, निवडला. त्यामुळे मी पूर्ण तटस्थ नाही, हे सुरुवातीलाच सांगतो.

ठाकूरद्वारपासून खेतवाडीपर्यंत किंवा लालबाग-परळच्या आतल्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. पत्रे ठोकलेले प्लॉट दिसतील, प्लिंथवर (जोत्यावर) उभ्या गंजलेल्या सळ्या दिसतील, बारा-पंधरा मजल्यांवर थांबलेले सांगाडे दिसतील. यांतले बरेचसे एकाच काळातले आहेत. 2016 ची नोटाबंदी, 2017 मध्ये आधी घरविक्रीवर नियंत्रण आणणारा रेरा कायदा आणि मग जीएसटी, आणि सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी बुडाली. शेवटच्या धक्क्याने बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचेच हात आखडले. तोपर्यंत एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात फिरत होता, तो थांबला आणि त्याबरोबर क्रेनही थांबल्या. त्यानंतर 2020 ची टाळेबंदी आली. केंद्राने नोव्हेंबर 2019 मध्ये रखडलेल्या घरांसाठी 25 हजार कोटींचा स्वामीह निधी जाहीर केला, पण आमच्या गिरगावच्या प्लॉटपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

बिल्डरच्या बाजूने जे आहे ते आधी मोकळेपणाने सांगतो. त्याच्याकडे माणसं असतात. महापालिकेत कोणती फाईल कोणत्या टेबलावर आहे हे त्याला कळतं. जादा बांधकामासाठीचं शुल्क, म्हणजे प्रीमियम, तो भरतो, टीडीआर तो विकत घेतो, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार त्याचे ठरलेले असतात. सभासदाने सही करायची, भाड्याचे चेक घ्यायचे आणि चावीची वाट पाहायची. ज्या सोसायटीत निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि मुलं परदेशात आहेत, तिथे ही सोय लहान नाही. बाजार तेजीत असेल तर चांगला बिल्डर काम वेळेत पुरं करतो. अशा इमारती दादर-माटुंग्यात आहेत, माझे मित्र तिथे सुखाने राहतात.

प्रश्न बाजार पडल्यावरचा आहे. माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती म्हणजे विक्रीच्या घरांचा (रहिवाशांची घरं देऊन उरणाऱ्या, ज्यांच्या पैशातून काम चालतं त्या घरांचा) भाव ठरवणं कोणाच्या हातात आहे.

गिरगावचं काम प्लिंथपाशी थांबलं तेव्हा रहिवाशांच्या सभेत उत्तर ठरलेलं असायचं: मार्केट सुधारलं की सुरू करू. भाड्याचे चेक आधी उशिरा येऊ लागले, मग परत येऊ लागले, मग बंदच झाले. दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्स संपायचं आणि आईवडील नव्या खोलीत जायचे. गिरगाव सुटून डोंबिवली आली. या सगळ्या काळात रहिवाशांची मागणी साधी होती. वरचे फ्लॅट या भावाला जात नसतील तर भाव उतरवा, चार फ्लॅट विका आणि त्या पैशातून निदान आमचे मजले उभे करा. उत्तर नेहमी एकच, भाव उतरवता येणार नाही.

का येणार नाही, हे मला बऱ्याच उशिराने एका ओळखीच्या चार्टर्ड अकाउंटंटने समजावून दिलं. बिल्डरने कर्ज घेतलेलं असतं ते विक्रीचा अमुक भाव गृहीत धरून. त्याने एक जरी फ्लॅट त्याखाली विकला, तर उरलेल्या सगळ्या फ्लॅटची किंमत कागदावर खाली येते, तारण अपुरं पडतं आणि वित्त कंपनी दारात येते. आधी चढ्या भावाने बुकिंग केलेले ग्राहकही फरक मागू लागतात. उलट, काम थांबवून ठेवलं तर त्याचं काय जातं? व्याज चढतं खरं, पण जमीन त्याने विकत घेतलेली नसते आणि रहिवासी आधीच बाहेर पडलेले असतात. रोजचा खर्च म्हणजे आमचं भाडं, आणि तेच पहिल्यांदा बंद करता येतं. म्हणजे मंदीत थांबून राहणं त्याच्या हिशेबात स्वस्त पडतं, आणि त्या थांबण्याची किंमत भरतो तो भाड्याच्या खोलीतला माणूस. मी एखाद्या बिल्डरला वाईट ठरवत नाही. या व्यवस्थेत सज्जन बिल्डरसुद्धा बहुधा हेच करील, आणि म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते.

कायद्याचा आधार आहे, पण तो उशिरा पोचतो. महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, विक्रीच्या घरांसाठी आहे, पुनर्वसनाच्या घरांना नोंदणी लागत नाही. त्यामुळे नव्या ग्राहकाला तक्रारीचं जे दार उघडं आहे, ते मूळ रहिवाशाला सहसा नसतं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या) इमारतींचे रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घ्यावेत यासाठी म्हाडा कायद्यात 91-अ कलम आलं, त्याला राष्ट्रपतींची संमती 2022 मध्ये मिळाली. तरतूद चांगली आहे. पण शहरात अशा 13 हजारांहून अधिक जुन्या इमारती आहेत, तेव्हा आपला नंबर कधी लागेल हे कोण सांगणार? उपनगरातलं गोरेगावच्या पत्राचाळीचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे 672 कुटुंबं, करार 2008 चा, आणि म्हाडाने तो रद्द केला 2018 मध्ये. मधली दहा वर्षं कोणत्याही आदेशाने परत मिळत नाहीत.

आता दादर. आमच्या सभासदांच्या घरांवर विक्रीसाठी काही मजले निघत होते. सरकारचा स्वयंपुनर्विकासाचा निर्णय सप्टेंबर 2019 मध्ये आला, त्यात दहा टक्के जादा चटईक्षेत्र आणि इतर सवलती होत्या. एका सहकारी बँकेने कर्जाची तयारी दाखवली. आणि नेमकी इमारत पाडायच्या सुमारास टाळेबंदी लागली. ज्या भावावर आम्ही हिशेब मांडला होता, त्या भावाला कोणी फ्लॅटकडे बघेना.

इथे मला फरक दिसला. सर्वसाधारण सभा बोलावली, आधी ऑनलाइन आणि मग समोरासमोर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी भाव उतरवायला कडाडून विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आता स्वस्तात विकलं तर आपला कॉर्पस जाणार, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, कॉर्पस गेला तर काय होईल आणि काम थांबलं तर काय होईल. मतदान झालं. सुरुवातीचे काही फ्लॅट कमी भावात सभासदांच्या नातेवाइकांना आणि त्याच गल्लीतल्या लोकांना द्यायचं ठरलं. कॉर्पस जवळजवळ संपला, कार पार्किंगचं एक स्वप्न गेलं, पण मजले चढत राहिले. 2021 मध्ये राज्याने प्रीमियममध्ये निम्मी सवलत दिली तीही आम्ही घेतली. त्यात अट होती की विक्रीच्या घरांचं मुद्रांक शुल्क आपण भरायचं, आणि आम्ही ते भरलं. बिल्डर महिनोन्‌महिने जो निर्णय घेऊ शकला नाही, तो आम्ही घेऊ शकलो, कारण आम्हाला नफा नको होता, घर हवं होतं. चाव्या ठरल्यापेक्षा उशिराच मिळाल्या. पण उशीर का होतोय हे दर महिन्याला प्रत्येक घराला माहीत असायचं, आणि बँकेचं खातं कोणीही येऊन बघू शकत होतं. गिरगावात वडिलांना सगळ्यांत जास्त छळलं ते याच गोष्टीने. पैशाचं त्यांनी कधी एवढं बोलून दाखवलं नाही, पण ‘कोणी काही सांगत नाही’ हे मात्र ते रोज म्हणायचे.

स्वयंपुनर्विकास सगळ्यांना जमेल असं मात्र मी म्हणणार नाही. जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर हवी. कन्व्हेयन्स, म्हणजे ती मालकी नावावर करणारा दस्त, झालेलं नसेल तर आधी डीम्ड कन्व्हेयन्सच्या (मूळ मालकाने सही दिली नाही तरी सरकारी आदेशाने होणाऱ्या कन्व्हेयन्सच्या) मागे लागा, बाकीचं सगळं नंतर. प्रकल्प सल्लागार निवडताना स्वस्ताच्या मागे जाऊ नका. आमची अर्धी डोकेदुखी त्याच्या अनुभवानेच वाचली. भाडं इथेही प्रकल्पातूनच जातं, म्हणजे आपणच आपल्याला देतो, आणि कर्जाचं व्याज काम थांबलं तरी थांबत नाही. कमिटीत तीन-चार माणसं अशी लागतात की ज्यांना वेळ आहे, ज्यांच्यावर बाकीच्यांचा विश्वास आहे आणि ज्यांना शिव्या खायची तयारी आहे. भांडणं होतातच. आमच्याकडे दोन शेजारी अजून बोलत नाहीत. सोसायटीत आधीपासूनच कोर्टकज्जे चालू असतील तर या वाटेला न गेलेलं बरं. आणि प्लॉट फार लहान असेल, विक्रीला दोन-तीनच घरं निघत असतील, तर बँकही फारशी उत्सुक नसते.

गिरगावसारख्या पागडीच्या इमारतीत परिस्थिती आणखी वेगळी आहे. जागा घरमालकाची, रहिवासी भाडेकरू. तिथे बहुतेकांना बिल्डरशिवाय वाट नसते, हे मी समजू शकतो. नुसतं थांबून राहणंही धोक्याचं आहे. 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून माणसं गेली, ते विसरता येत नाही. तेव्हा बिल्डरकडे जायचंच असेल तर निदान करार मंदी गृहीत धरून करा. सोसायट्यांसाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहे, ती कागदावर ठेवू नका, हातात घ्या. भाडं दोन वर्षांचं तरी आगाऊ बँकेत ठेवून घ्या, चेकबुकावर विसंबू नका. पूर्ण उंचीची परवानगी येईपर्यंत खोली रिकामी करू नका. प्लिंथपुरती सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) दाखवून इमारत पाडली की पुढे तुमच्या हातात काही उरत नाही. पुनर्वसनाचे मजले आधी, हे करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

बिल्डर घरी चहाला येईल तेव्हा त्याला गॅलरीचं माप आणि टाइल्सचा ब्रँड विचारण्याआधी एक विचारा. विक्रीचा भाव वीस टक्क्यांनी पडला आणि वर्षभर एकही फ्लॅट गेला नाही, तर आमचे मजले कोणत्या पैशातून बांधणार? तो खात्याचं आणि बँकेचं नाव सांगू शकला, ते करारात लिहून द्यायला तयार झाला, तर त्याचा विचार जरूर करा. ‘असं होणारच नाही’ म्हणाला, तर कन्व्हेयन्सची फाईल काढा आणि आपल्याच सोसायटीतली ती तीन-चार माणसं शोधायला लागा.