नव्या माकडाचं बारसं: ठाण्याच्या नौपाड्यातली रविवारची कार्यशाळा

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी उभी नोकरी झाली. बरण्यांत फॉर्मालिन भरा, लेबलं लिहा, उंदीर लागला की कपाट बदला. त्यामुळे ‘नवी प्रजाती कशी ठरते?’ या तीन तासांच्या कार्यशाळेचे पाचशे रुपये भरताना मला एकच पाहायचं होतं: लेबलाचा विषय निघतो का. निघाला!

सुरुवात काँगोतल्या लेसुला नावाच्या माकडापासून. २००७ साली ओपाला गावी, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या घरी पाळलेलं एक पिल्लू संशोधकांच्या नजरेस पडलं. तिथल्या शिकाऱ्यांना ते माकड चांगलं ठाऊक होतं. शास्त्राच्या दफ्तरी मात्र नोंद नव्हती. ती व्हायला २०१२ उजाडलं. माणसासारखे डोळे आणि नराचा निळा पार्श्वभाग दाखवून टाळ्या घेणं सोपं होतं. शिकवणाऱ्या बाई तरुण, पण त्यांनी मधल्या पाच वर्षांवरच भर दिला. जवळचा नातलग म्हणजे हॅमलिनचं माकड. त्याच्याशी कवटी, केसांचा रंग, नराची हाक, डीएनए सगळं ताडून पाहायचं. दोघांच्या जंगलांमध्ये काँगो आणि लोमामी या दोन नद्या आडव्या. हे सगळं जुळून आलं, तेव्हा कुठे नाव.

त्यासाठी प्राणी मारावाच लागतो का, असं एका आजींनी विचारलं. उत्तर चोख मिळालं: अरुणाचलचं मुंझाला माकड आपल्याच संशोधकांनी २००५ साली फोटो आणि निरीक्षणांवरून जगापुढे मांडलं.

मग ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या माकडांचे फोटो वाटले. प्रत्येक टेबलाने असं वर्णन लिहायचं की दुसऱ्या टेबलाला नेमका फोटो ओळखता आला पाहिजे. एका गटाने लिहिलं, ‘तांबूस तोंडाचं, खट्याळ.’ घ्या! आमच्या टेबलावरच्या आठवीतल्या मुलीने लिहिलं: डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस, खालच्या ओठाची कड काळी, शेपूट अंगाएवढी लांब. टोपीमाकड पहिल्या झटक्यात ओळखलं गेलं. हिला मी माझ्या लॅबमध्ये घेतली असती.

कमी पडलं ते एका ठिकाणी. म्यानमारचा पोपा लंगूर २०२० साली जाहीर झाला, तो लंडनच्या संग्रहालयातल्या १९१३ च्या नमुन्याच्या आधारे. हा नमुना गोळा करणारा गाय शॉर्टरिज त्या काळी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात होता. ठाण्यात बसून पोपाची गोष्ट सांगायची आणि मुंबईचं नाव घ्यायचं नाही? कुणीतरी त्या नमुन्याच्या कातड्याला गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी नीट बांधली होती, म्हणून शंभर वर्षांनी ते कामाला आलं. चहाच्या वेळी बाईंना हे सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

बाकी, माइक खरखरतो, वडापाव गार होता आणि शेवटच्या अर्ध्या तासात डीएनएचे तक्ते एवढ्या घाईने सरकले की मलाही झेपले नाहीत. सातवी-आठवीपासूनच्या मुलांना जरूर न्या, लहानगी कंटाळतात. गाडी आणू नका, लावायला जागा नाही; स्टेशनवरून चालत या.