आउटबोर्डचं ‘सीडीआय गेलंय’ म्हणून ३७,४०० घेतले, दोष होता पेट्रोलच्या नळीत

पानशेत, खडकवासला, मुळशी, कुठेही जुनी दोन-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटार, वापरत असाल तर हे वाचा, कारण हीच थाप उद्या तुम्हाला मारली जाईल. मेकॅनिकने आमच्याकडून घेतले ते असे: सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) १९,५००, दोन इग्निशन कॉइल ७,६००, कार्ब्युरेटर किट ४,८००, मजुरी ५,५००. एकूण ३७,४०० रुपये. मोटार ४० एचपी, दोन सिलिंडरची. खरा बिघाड दुरुस्त करायला लागले १,८५०: टाकीपासूनची नळी, तिच्यावरचा, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा आणि दोन टोकांचे कनेक्टर.

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मोटार लगेच सुरू होते, आयडलला छान चालते. फुल थ्रॉटल दिलं की मिनिट-दोन मिनिटांत धापा टाकते, थ्रॉटल कमी केलं की सावरते. कधी कधी बराच वेळ काहीच होत नाही. अशा अधूनमधून येणाऱ्या बिघाडावरच या लोकांची कमाई चालते. ‘सीडीआय गेलंय’ म्हटलं की ते खोटं कसं ठरवणार?

मेकॅनिकने मोटार पाण्याच्या पिंपात लावून चालवून दाखवली, तेव्हा त्याचा एक हात सतत फुग्यावर होता. फुगा दाबला की आवाज भरून यायचा, सोडला की मोटार पुन्हा अडखळायची. आणि तोंडाने चाललं होतं, ‘तापलं की सीडीआय ठिणगी सोडतंय साहेब.’ हे आठवलं की अजून संताप होतो. ठिणगीचा आणि फुग्याचा काही संबंधच नसतो! फुगा दाबून मोटार सुधारते म्हणजे दोष इंधनाच्या पुरवठ्यात, ही आउटबोर्डची पहिली परीक्षा आहे. ती आमच्या डोळ्यांसमोर झाली आणि तिचा निकाल त्याला नक्की कळला होता. पण पुण्यात आउटबोर्ड उघडणारे आहेत किती? दुचाकीचा कुठलाही भाग नाना पेठेत मिळतो, ही मोटार मात्र टेम्पोत घालून मुंबईला किंवा कोकणात न्यावी लागते. मीटर हातात घेऊन बोलणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवणारच.

नेमकं काय होतं ते समजून घ्या. टाकी ते मोटारीवरचा पंप या भागात पेट्रोल ओढलं जातं, म्हणून नळीला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. आयडलला खप कमी, म्हणून कार्ब्युरेटरची वाटी भरत राहते. फुल थ्रॉटलला ती रिकामी होते, वेग उतरला की परत भरते. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या नळीचा आतला थर फुगून सुटतो, तेही तपासा. हे अंगावर काढू नका: पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जाम होऊ शकतो.

सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. झाकण सैल करताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर दोष तिथेच. मग फुगा आणि मोटार यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले की हवा शिरतेय. दुसऱ्या टाकीने, दुसऱ्या नळीने चालवून बघा. इग्निशनवर संशय असेल तर बिघाड चालू असतानाच स्पार्क टेस्टर लावायला सांगा, थंड मोटारीवरचं माप धरू नका. किल स्विचची वायरही तात्पुरती काढून बघा, ती घासलेली असली तरी मोटार अशीच दगा देते. मिश्रण ५०:१ असेल तर २० लिटरला ४०० मिली टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोकचं) ऑइल. स्कूटरचं टू-टी नको.

मेकॅनिककडे मोटार सोडताना प्रत्येक भागाच्या सीरियल नंबराचा फोटो काढा. आमच्याकडे जुना फोटो होता, आणि ‘नव्या’ सीडीआयवरचा सीरियल नंबर त्याच्याशी तंतोतंत जुळतो. म्हणजे तेच सीडीआय पुसून परत बसवलं! जुने भाग मागितले तर ‘कंपनीला परत जातात’ म्हणाला. जुना भाग हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलीस चौकीत गेलो तर ‘हा दिवाणी वाद आहे.’ दुसऱ्या चौकीत ‘दुकान आमच्या हद्दीत नाही.’ तिसरीकडे पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल देणारा माणूस फसवेल कशाला? नंबर जुळणारे दोन फोटो समोर ठेवले, ते कोणी हातातसुद्धा घेतले नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते, हे नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते दाखवलं तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ ऑनलाइन तक्रार केली, ती आम्हाला एक शब्द न विचारता ‘निकाली’ म्हणून बंद केली. ३७,४०० रुपये यांच्या लेखी काहीच नाहीत का?

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. पैसे दिल्याचा पुरावा हाती राहावा म्हणून रोख अजिबात देऊ नका. आमच्या तक्रारीला यूपीआयची नोंद, दोन्ही फोटो आणि ती चिरलेली नळी जोडली आहे.