आखीव शहर की दाट शहर: राहायला कुठे जावं?

शहर निवडताना माणसं बहुधा या दोघांतच अडतात. एक, आधी कागदावर आखून मग उभं केलेलं: रुंद रस्ते, घरं एकीकडे, बाजार दुसरीकडे, कचेऱ्या तिसरीकडे. १९६० मध्ये ब्राझीलची राजधानी झालेलं ब्राझिलिया हा त्याचा ठळक नमुना. दुसरं, पिढ्यानपिढ्या वाढत दाटलेलं, खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींचं. पहिल्या प्रकारच्या शहरात मी सहा वर्षं काढली, दुसऱ्यात आता चार वर्षं होतील. मोजमाप असं काही केलेलं नाही, जे वाट्याला आलं ते सांगतोय.

उजेड, वारा आणि शांतता यांत आखीव शहर पुढे आहे, यात वाद नाही. दाट वस्तीत आल्यावर पहिले दोन महिने मला रात्री धड झोप नव्हती. खोल्या लहान, आणि गाडी लावायला जागा मिळेलच याची खात्री नाही. वीज, पाणी, शाळा यांत मला तरी सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

राहण्यायोग्य शहरांच्या याद्या मीही चाळल्या होत्या. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेच्या यादीत २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षं मेलबर्न पहिलं होतं, २०१८ मध्ये व्हिएन्ना वर गेलं. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच कसोट्यांवर तिथे गुण दिले जातात. कसोट्या रास्तच आहेत, पण त्या अख्ख्या शहराला लावलेल्या. आपल्या दारातून बाहेर पडल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, ते त्यातून कळत नाही. माझा निर्णय त्या दहा मिनिटांवर झाला.

आखीव शहरात आमच्या गॅलरीतून समोरची बाग दिसायची. मोठी, सावलीची, जागोजागी बाकं असलेली. मध्ये सहा मार्गिकांचा रस्ता. एक मार्गिका साडेतीन मीटरची धरली तर २१ मीटर, शिवाय दुभाजक. पादचारी सिग्नलची वेळ काढताना चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरण्याचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. त्या हिशेबाने १८ सेकंद पुरतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला तेवढ्या अंतराला ३० सेकंद लागत. ती जेमतेम दुभाजकापाशी पोचायची आणि गाड्या सुटायच्या. मी हात धरून नेत असे, पण मी कामावरून येईपर्यंत अंधार पडलेला असे. हळूहळू ती ‘आज नको’ म्हणायला लागली. मग तिने खुर्ची गॅलरीत नेली आणि तिथूनच बाग बघत बसू लागली. ते दृश्य मला रोज बोचायचं. बाकीच्या सगळ्या सोयी त्यापुढे फिक्या वाटायला लागल्या.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नसावं. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली होती. दिवसाला सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशांचे त्याच रस्त्यावरचे मित्र माणशी सरासरी ३ निघाले; १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९.

आता राहतो तिथली बाग लहान आहे, झाडंही मोजकीच. पण गल्ली इतकी अरुंद की गाड्यांना वेग घेताच येत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात आई एकटी जाऊन आली. वाटेत औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकते. एकदा तिला परतायला उशीर झाला, तेव्हा त्या दुकानदारानेच सांगितलं, ‘त्या अजून बागेतच आहेत, इथूनच गेल्या.’ शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हणून, म्हणजे रहिवासी-दुकानदारांची रस्त्यावर सहज असणारी नजर म्हणून जे मांडलं, ते मला त्या दिवशी नीट उमगलं.

घरातले सगळे गाडी चालवणारे असतील, किंवा आवाजाने झोपमोड होत असेल, तर आखीव शहर तुम्हाला मानवेलही. माझा धाकटा भाऊ अजून तिथेच आहे आणि सुखात आहे. पण घरात आठ वर्षांचं मूल किंवा सत्तरीचं माणूस असेल, तर मी दाट शहरच सुचवेन. घर बघायला जाताना त्यांना सोबत न्या, तेही भर रहदारीच्या वेळी, आणि जवळच्या बागेपर्यंत त्यांच्या चालीने चालून बघा. वाटेत सिग्नल लागला तर सेकंद मोजा.