जमिनीलगतच्या छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याचे आधार: येऊर आणि ठाणे खाडीतील वापरानंतरचे परीक्षण

येऊरच्या जंगलात जुलै-ऑगस्टमध्ये कुजक्या ओंडक्यांवर आणि पालापाचोळ्यात उगवणारी अळंबी बहुधा दोन-तीन इंचांपेक्षा उंच नसतात, आणि त्यांच्या छत्रीखालचे पापुद्रे टिपायचे तर भिंगाचा मध्य छत्रीच्याही खाली न्यावा लागतो. त्यात वर दाट पाने आणि ढगाळ आभाळ. अशा उजेडात मॅक्रो लेन्सचे (अगदी जवळून बारीक तपशील टिपणाऱ्या भिंगाचे) छिद्र एफ ११ किंवा एफ १६ इतके लहान ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, कमी राखायचा म्हटले, तर शटर अर्धा ते दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. हातात धरून हे काम होत नाही. ठाण्यात राहून येऊरला आणि खाडीकाठी जे आधार मी वापरत किंवा पारखत आले, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

ट्रायपॉड निवडताना आपल्याकडे पेलण्याची क्षमता आणि कमाल उंची हे दोनच आकडे विचारले जातात. जमिनीलगतच्या कामाला ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. पाहायची ती किमान उंची, आणि तीही हेडसकट, म्हणजे पायांवर बसणाऱ्या, कॅमेरा धरून फिरवणाऱ्या वरच्या भागासकट. फक्त पायांच्या संचासाठी छापलेल्या किमान उंचीत हेड धरलेले नसते. साधे बॉल हेड आठ-दहा सेंटीमीटर उंची खाते आणि कॅमेऱ्याच्या तळापासून भिंगाचा मध्य आणखी तीन ते पाच सेंटीमीटर वर असतो. म्हणून दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि हेड सोबत न्यावे, ट्रायपॉडचे पाय फरशीवर पूर्ण पसरावेत आणि फरशीपासून भिंगाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मधला दांडा लांब असेल तर पाय पसरण्याआधीच तो जमिनीला टेकतो, हेही तिथेच कळते. दांडा उलटा घालून कॅमेरा पायांमध्ये टांगण्याची सोय बऱ्याच ट्रायपॉडमध्ये असते. पण तीन पायांच्या मध्ये डोके घालून उलटा कॅमेरा हाताळणे इतके त्रासदायक असते की, तेवढ्या सोयीवर भुलून खरेदी करू नये.

मॅनफ्रोटोच्या ०५५ मालिकेतील तीन टप्प्यांच्या (प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या असलेल्या) ॲल्युमिनियम ट्रायपॉडचा मधला दांडा आडवा करता येतो आणि त्याची किमान उंची ९ सेंटीमीटर आहे. दांडा आडवा केला की हेडही आडवे राहते, त्यामुळे त्याची उंची वर जमा होत नाही. मात्र आडव्या दांड्याच्या टोकाचा कॅमेरा वाऱ्याने डुलतो. दांडा एखाद्या पायाच्या बरोबर वर येईल असा फिरवावा आणि दुसऱ्या बाजूला पिशवी टांगावी. वजन अडीच किलो, म्हणजे चढावर ते जाणवणारच. गिट्झोच्या सिस्टिमॅटिक मालिकेत मधला दांडाच नसतो, म्हणून पाय थेट जमिनीवर लोळतात. माझ्या मते हीच रचना सर्वांत योग्य, पण किंमत बहुतेक हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्याबाहेरची आहे. छोट्या ट्रायपॉडपैकी मॅनफ्रोटो पिक्सी एक किलोपर्यंतच पेलतो, त्यामुळे लहान मिररलेस कॅमेऱ्यापलीकडे त्याची अपेक्षा धरू नये.

सर्वांत जास्त काम मात्र मला बीनबॅगने, म्हणजे दाणे भरलेल्या पिशवीने, दिले आहे. नौपाड्यातील शिंप्याकडून जाड कॅनव्हासची, एका बाजूला चेन असलेली पिशवी शिवून घेतली की काहीशे रुपयांत काम भागते. महत्त्व आहे ते भरणाला. मोहरीसारखे बारीक दाणे लेन्सच्या खाली नीट बसतात आणि घट्ट पकड देतात, राजमा जरा सरकतो, आणि थर्माकोलचे मणी इतके हलके असतात की त्यांचा आधार म्हणून उपयोग नाही. पावसाळ्यात कोणतेही धान्य ओल धरते आणि बुरशी येते. येऊरसाठी म्हणून प्लास्टिकचे दाणेच भरावेत. पिशवी दोन-तृतीयांश भरावी. ठासून भरली तर कॅमेरा तिच्यात रुतत नाही, वरून घरंगळतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: मोठ्या ट्रायपॉडचे पसरलेले पाय मीटरभर जागा व्यापतात आणि त्याखाली शेवाळ, तेरड्याची कोवळी रोपे चिरडतात, बीनबॅग तळहाताएवढ्या मोकळ्या जागेवरही बसते. खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला नेणाऱ्या बोटीतही तीच घ्यावी, कारण ट्रायपॉड इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोहोचवतो, दाणे ती बरीचशी शोषून घेतात.

बीनबॅगवर चौकट पक्की ठरवून दोन्ही हात मोकळे करता येत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून एकाच चित्राचे अनेक फोटो जोडायचे असतील तर ती कमी पडते. त्यासाठी जमिनीवर ठेवून बोल्टने जिच्यावर हेड बसवता येते अशी धातूची चकती हा उत्तम पर्याय आहे. परदेशी बनावटीच्या तयार चकत्या मिळतात, पण वागळे इस्टेटमध्ये सहा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, मध्ये भोक पाडून देणारा कारागीर सहज सापडतो. बोल्ट तीन सुताचा (३/८ इंचाचा), एका इंचात सोळा आटे असलेला मागावा. दिसायला तसाच असणारा दहा मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने फिरवला तर हेडचे आटे कायमचे खराब होतात. अगदी खाली जायचे असेल तर चकतीवर हेड न लावता कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट पकडणारा क्लॅम्पच बसवावा आणि समतोल साधण्यासाठी चकतीखाली लाकडी पाचर सारावी.

ऐरोलीच्या बाजूला भरती ओसरल्यावर चिखलात निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि खेकडे दिसतात, तिथे ट्रायपॉडची परीक्षा वेगळीच होते. बहुतेक ट्रायपॉडचा सर्वांत बारीक टप्पा तळाशी असतो आणि त्यावरच्या फिरवायच्या कुलपात खारा गाळ शिरतो. ब्रिटिश बनावटीच्या बेन्बोमध्ये खालच्या नळ्या तळाशी बंद असल्याने हा प्रश्न येत नाही. मात्र एकच खटका सैल केला की त्याचे सगळे अवयव एकदम मोकळे होतात, त्यामुळे हात बसेपर्यंत कॅमेरा घट्ट धरून ठेवावा. साधा ट्रायपॉड असेल तर सर्वांत खालचा टप्पा आधी पूर्ण बाहेर काढून मगच तो रोवावा, म्हणजे कुलूप चिखलाच्या वर राहते, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी सर्व टप्पे सुटे करून गोड्या पाण्याने धुऊन, पुसून सावलीत वाळवावेत.