कोळशाची भट्टी की गॅसची? घरी लोहारकाम सुरू करायच्या आधी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, की दादा घरी लोहारकाम सुरू करायचंय, भट्टी कोळशाची लावू की गॅसची. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून होत नाही म्हणून एकदाच लिहून काढतोय. माझ्याकडं दोन्ही आहेत, गावाकडं बांधावर पत्र्याच्या आडोशाला कोळशाची आणि पुण्यात भाड्याच्या छोट्या शेडमध्ये गॅसची, त्यामुळं दोन्हीचं कौतुक आणि दोन्हीचा त्रास मला सारखाच माहितीय.

भट्टी ठरवायच्या आधी वस्तू ठरवा. सुरी करायचीय, खुरपं-विळा करायचाय की खिडकीची नक्षीदार जाळी करायचीय, यावर अर्धा निर्णय होऊन जातो. मी हे उलटं केलं, आधी गॅसची भट्टी बांधली आणि मग आईनं विळा मागितला. विळ्याचा बाक त्या भट्टीच्या चार इंची तोंडातून आत जाईचना. सरळ पट्टी तापवून पुढचा भाग वाकवला तिथवर ठीक, पण एकदा बाक आला की परत तापवायला तो आत घालायचा कसा? शेवटी गावाला जाऊन कोळशावर पुरा केला. कोळशाच्या आगीला तोंडच नसतं, वस्तू वाकडी असो, लांब असो, सहा फुटी सळई असो, जो भाग तापवायचा तेवढा निखाऱ्यात खुपसायचा आणि बाकीचा बाहेर. जाळीचे वेटोळे, कोयता, कुदळीचं टोक, असलं काही मनात असेल तर पुढचं न वाचता कोळशाकडं गेलात तरी चालेल.

आता कोळसा म्हणजे पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. दगडी कोळसा आणि लाकडी म्हणजे लोणारी कोळसा. दगडी कोळशाला उष्णता भरपूर आणि तो पुरतो पण जास्त वेळ, पण सुरुवातीला पिवळसर दाट धूर येतो, वास कपड्यातून जात नाही, आणि तासा-दीड तासानं तळाशी खंगर जमतो, म्हणजे राख वितळून झालेला काचेसारखा गोळा, तो काढला नाही तर वारा कोंडतो आणि तुम्ही भाता मारून मारून दमता तरी लोखंड लालच्या पुढं जात नाही. दगडी कोळशात गंधकही असतं, ते आधी जळून जाऊ द्यायचं, मागं उरतो तो धूर न करणारा कोळसा म्हणजे कोक, तो तयार झाला की मगच पोलाद आत घालायचं. लाकडी कोळशात ही भानगड नाही, धूर जवळजवळ नाहीच, पण तो भराभर संपतो आणि ठिणग्या फार उडवतो. माझा अनुभव, तीन तासांच्या कामाला पाच-सहा किलो लाकडी कोळसा सहज जातो. आणि मार्च-एप्रिलमध्ये शेजारी उसाचं पाचट पडलेलं असेल तर लाकडी कोळशाची भट्टी पेटवूच नका, मी हात जोडून सांगतोय, एक ठिणगी पुरते.

लाकडी कोळशावर काम कसं करायचं हे मी आठवड्याच्या बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडं बघून शिकलो. त्यांची भट्टी म्हणजे जमिनीत वीतभर खड्डा, बाजूनं एक नळी, नळीला हातानं फिरवायचा पंखा. ताई पंखा फिरवायच्या आणि वेळ आली की उठून घण पण त्याच मारायच्या, दादा बसल्या जागेवरून सांडशीनं वस्तू फिरवत राहायचे. मी दोन तास बघत उभा होतो. आग दोन मुठींएवढीच, त्याच्यापुढं वाढू द्यायची नाही, कडेनं पाणी शिंपडायचं, आणि वस्तू नळीच्या तोंडासमोर कधी ठेवायची नाही. तिथं कोरा वारा थेट लागतो आणि लोखंडावर पापुद्रे सुटतात. वारा जिथं जळून संपलाय त्या मधल्या थरात वस्तू आडवी ठेवायची. गाडीच्या ब्रेक ड्रमपासून केलेल्या माझ्या कोळशाच्या भट्टीत मी वर्षभर वस्तू पार तळाशी, वारा येतो तिथंच खुपसत होतो आणि पापुद्र्यांसाठी कोळशाला दोष देत होतो!

कोळशाची खरी भीती म्हणजे वस्तू जळण्याची. ट्रकच्या कमानपाट्याची सुरी करत होतो, टोक पातळ होत आलं होतं, फोन वाजला, मी दीड मिनिट बोललो आणि पंखा इलेक्ट्रिकचा असल्यानं चालूच राहिला. वळून बघतो तर भट्टीतून फुलबाजासारख्या पांढऱ्या ठिणग्या. पोलाद जळलं की ते परत येत नाही, टोक ऐरणीवर ठेवून मारलं तर भाजलेल्या विटेसारखं तुटून पडलं. तेव्हापासून हातपंखाच वापरतो, हात थांबला की आग थांबते. गॅसच्या भट्टीत असं सहसा होत नाही, आतली सगळी पोकळी एका तापमानाला येऊन थांबते, तुम्ही प्रेशर वाढवलं नाहीत तर ते तिथंच राहतं. नवशिक्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे, दोन तुकडे आत ठेवून एक ठोकत बसता येतं.

गॅसच्या भट्टीची रचना सोपी वाटते आणि आहे पण, फक्त तीन-चार ठिकाणी चूक परवडत नाही. आठ इंची जाड पाइपचा फूटभर तुकडा घ्या, आत एक इंची सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या पट्ट्याचे) दोन थर, ज्यावर १२६० डिग्री लिहिलेलं असतं तो घ्यायचा. तो वूल उघडा सोडायचा नाही, त्याचे बारीक तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात, वरून रिफ्रॅक्टरीचा म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा लेप द्यायचा, सावकाश वाळवायचा, मगच पेटवायचं. बसवताना चांगला मास्क लावा. जुनं सिलिंडर कापून भट्टी करायचे व्हिडिओ फिरतात ते बघू नका, आत राहिलेल्या गॅसचा स्फोट होतो. बर्नर पाऊण इंची पाइपचा आणि गॅस सुटायला ०.९ मिमी भोकाची मिग वेल्डिंगची टिप (वेल्डिंग मशीनची छोटी तोटी), हे माझ्याकडं व्यवस्थित चालतंय. घरच्या शेगडीचं रेग्युलेटर इथं उपयोगाचं नाही, हाय प्रेशरचं, कमीजास्त करता येणारं लागतं. आणि घरातलं लाल १४.२ किलोचं सिलिंडर यासाठी वापरणं नियमात बसत नाही, कमर्शियल निळं १९ किलोचंच घ्या. माझी एका बर्नरची भट्टी तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस खाते, म्हणजे एक सिलिंडर वीसेक तास. थंडीत सिलिंडर गार पडून बाहेरून दव जमतं आणि प्रेशर घसरतं, तेव्हा ते कोमट पाण्याच्या टबात उभं करायचं, कोमट म्हणजे कोमटच, गरम नाही.

दोन्हीला सारखी लागू असलेली एक गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. गॅसचा धूर दिसत नाही म्हणून लोक शटर अर्धं ओढून काम करतात, ते कृपा करून करू नका, दोन बाजू उघड्या पाहिजेत. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून भट्टीजवळ खड्डा, गटार, तळघराचा जिना असं काही नको. हे सगळं वाचून गॅस धोक्याचा वाटला तर तसं पण नाही, सिलिंडर भट्टीपासून लांब, पाइप दर महिन्याला साबणाच्या पाण्यानं तपासलेला, आणि काम संपलं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, एवढी शिस्त असली तर रोजच्या स्वयंपाकासारखंच आहे.

सुरी करणाऱ्यांसाठी पाणी देण्याचा, म्हणजे पातं तापवून एकदम गार करून कडक करण्याचा भाग महत्त्वाचा आणि तिथं गॅस सरळ सरळ पुढं आहे. पातं टोकापासून मुठीपर्यंत एकसारखं तापलं पाहिजे. लोखंड ७७० डिग्रीच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या जरा पुढं नेऊन कोमट तेलात बुडवायचं (कमानपाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकू शकतं, नाव पाणी देणं असलं तरी). कोळशात मध्ये लालभडक आणि दोन्ही टोकं काळी अशी गत होते. त्यावर उपाय आहे, निखाऱ्यात एक लोखंडी पाइप आडवा ठेवून तो तापू द्यायचा आणि पातं त्या पाइपच्या आत, माझ्या पहिल्या चार सुऱ्या अशाच झाल्या आणि चांगल्या झाल्या. पाइप मात्र साधा काळा घ्या, गॅल्व्हनाइज्ड नको, त्यावरचं जस्त जळून येणारा धूर तापानं फणफणून टाकतो. नंतर ठिसूळपणा कमी व्हायला ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवायचं, ते दोन्हीकडं सारखंच.

जोडकाम म्हणजे दोन तुकडे तापवून ठोकून एकजीव करणं, हे करायचं असेल तर कोळसा बरा. सांध्यावर टाकणखार (बोरॅक्स) टाकावा लागतो आणि वितळलेला टाकणखार सिरॅमिक वूल पार खाऊन टाकतो, माझ्या भट्टीच्या तळाला अशीच दोन भोकं पडली. आता तळाशी फायरब्रिकची (भट्टीच्या विटेची) पातळ फरशी टाकलीय, ती खराब झाली की बदलतो.

वेळेचं म्हणाल तर कोळसा पेटवून कामाला लागेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आणि शेवटी राख, खंगर काढणं वेगळं. गॅसवर सात-आठ मिनिटांत पहिला घाव. ज्याला रविवारी दोनच तास मिळतात त्याला हा फरक फार जाणवतो. पावसाळ्यात तर जास्तच, कारण कोळसा ओल धरतो आणि तडतडतो, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ठेवावा लागतो.

शेजाऱ्यांचं काय? धुराचा प्रश्न गॅसनं सुटतो, आवाजाचा नाही. माझ्याकडं तक्रार आली ती ऐरणीच्या खणखणाटाची, भट्टीबद्दल कुणी बोललंच नाही. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट बसवली, खाली एक जाड चुंबक चिकटवला आणि वेळ सकाळी दहा ते एक ठरवून घेतली, मग मिटलं. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरायचा असेल तर पावती असलेलाच घ्या, रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नाहीतर भंगारातला जाड पोलादी ठोकळा पण उत्तम काम देतो.

त्या तिघांना मी वेगवेगळं सांगितलं. सांगलीकडच्या मित्राकडं मोकळी जागा आहे आणि खुरपी-कोयते करायचेत, त्यानं लाकडी कोळसा. पिंपरीच्या ताईंना फक्त किचनच्या सुऱ्या करायच्यात, रो हाऊसच्या मागं दहा बाय बाराची जागा, त्यांनी गॅस, आणि बर्नर पहिल्यांदा पेटवताना मी स्वतः जाणार आहे. तिसऱ्या मुलाचं अजून काहीच ठरत नव्हतं. त्याला म्हटलं, खर्च करू नकोस, मामाच्या शेतात वीतभर खड्डा खण, दहा किलो लोणारी कोळसा आण, माझा जुना हातपंखा घेऊन जा आणि १० मिमी चौकोनी सळईचे भिंतीवरचे हुक कर. टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, सुंब्यानं भोक पाडणं, सगळं त्या एका हुकात येतं. वीस हुक झाले की फोन कर, विसावा हुक बघून मी सांगतो तुला कुठली भट्टी पाहिजे ते. परवा त्यानं सहाव्याचा फोटो पाठवला, पीळ सैल आहे पण टोक छान निमुळतं आलंय.